कात्सु सांदो: रोसु, हिरे आणि मेन्ची यांत नेमका फरक काय?

प्रश्न:
पुढच्या महिन्यात तोक्योहून नागोयामार्गे ओसाकाला रेल्वेने जाणार आहे. तिथल्या स्थानकांवर मिळणाऱ्या कात्सु सांदोच्या, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेल्या मांसाच्या सँडविचच्या, खोक्यांवर रोसु, हिरे, मेन्ची अशी नावे असतात असे वाचले. यांतले काय निवडावे? शिवाय तळलेला पदार्थ गार खाणे मला पटत नाही. तो गरम करून मागावा का?

प्रतिसाद १:
रोसु म्हणजे डुकराच्या पाठीचे मांस. त्याच्या कडेला चरबीची पट्टी असते, म्हणून ते चवीला भरदार लागते; हिरे हा आतला, चरबी नसलेला आणि फार मऊ भाग. गार झाल्यावर चरबी थिजते, त्यामुळे प्रवासासाठी मी नेहमी हिरेच घेतो. मेन्ची म्हणजे कांदा घातलेल्या खिम्याचे कटलेट.

गरम करून मात्र मागू नका. फळे, भाज्या आणि मसाल्यांपासून केलेला दाट सॉस तळलेल्या आवरणात मुरतो, ते गडद तपकिरी होऊन मऊ शोकुपान पावाला चिकटते आणि त्यातच या सँडविचची खरी गोडी आहे. कुरकुरीतपणा हवा असेल तर तोन्कात्सुच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटच्या, उपाहारगृहात बसून, बारीक चिरलेल्या कोबीबरोबर ताटातले कटलेट खावे.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. हे सँडविच मऊच का, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेतही सापडते. तोक्योच्या उएनो भागातील इसेन हे उपाहारगृह चॉपस्टिक्सने तुटेल इतक्या मऊ तोन्कात्सुसाठी ओळखले जाते आणि 1935 साली कात्सु सांदो तिथेच सुरू झाले, असे सांगितले जाते. जवळच्या वस्तीतल्या गेइशांना, म्हणजे गायन-नृत्याने पाहुण्यांचे मनोरंजन करणाऱ्या कलावंत स्त्रियांना, ओठांचा रंग न बिघडता खाता यावे म्हणून तिथल्या मालकीणबाईंनी मुद्दाम लहान आकाराचा पाव वापरला. आपण तोक्योत असाल तर सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद ३:
नागोयात उतरणार असाल तर तिथे सॉसच्या जागी लालसर काळ्या, गोडसर मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाची) चव असलेले मिसो कात्सु सांदो शोधा. त्याच शहरातील कोम्पारु या कॉफीगृहाचे तळलेल्या कोळंबीचे सँडविचही प्रसिद्ध आहे; भाजलेल्या पावात अख्ख्या कोळंब्या, अंडे आणि कोबी असतो, आणि ते गरम असतानाच खाण्यात मजा आहे. ओसाकाच्या बाजूला ‘निकु’, म्हणजे मांस, असे नुसते म्हटले तरी गोमांसच समजतात, त्यामुळे तिथे गोमांसाच्या कटलेटचे सँडविचही आवडीने खाल्ले जाते. ते आतून गुलाबी ठेवलेले असू शकते आणि डुकराच्या मांसाच्या सँडविचपेक्षा बरेच महाग पडते. आपण गोमांस खात नसाल तर नावातले ‘ग्यु’ किंवा ‘बीफु’ पाहून ते टाळावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. तोक्योहून निघताना हिरे घेईन आणि नागोयात कोळंबीसाठी उतरेन.