गंजलेली डिझेल टाकी: स्वतः दुरुस्त करावी, कारागिराला द्यावी की बदलावी? (अनुभव धागा)

धागाकर्ता
पावसाळा तोंडावर आला की नागपूरच्या वाडी, कळमना, पारडी भागातल्या गॅरेजांत हा प्रश्न हमखास निघतो. ट्रकच्या टाकीखाली डिझेलचा ओला डाग दिसतो किंवा फिल्टरच्या तळाशी तांबूस गाळ सापडतो आणि मालक विचारतो, "घरीच होईल का हे?" ज्यांचे हात या कामात मुरले आहेत त्यांनी लिहावं. किस्से नकोत. माप, कृती, काय बिघडतं आणि का, एवढंच सांगा. प्रश्न लोखंडी टाकीचा आहे. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचं शास्त्र वेगळं.

टिपर मेकॅनिक, उमरेड रोड
सगळ्यात आधी गंज कुठे आहे ते पाहा. बाहेर आहे की आत, सपाट पत्र्यावर आहे की जोडावर, या दोन गोष्टींवरच निम्मा निर्णय होऊन जातो.

बाहेरचा गंज बहुतेक वेळा पट्ट्याखाली सुरू होतो. टाकी आवळणाऱ्या पट्ट्याच्या आत रबर असतं, त्यात धूळ अडकते, पाऊस आला की ती महिनोन्‌महिने ओली राहते. कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचं आणखी वाईट. कोळशात गंधक असतं, ओली कोळसाधूळ आंबट होते आणि पत्रा खाते. वरून रंग शाबूत दिसतो, पट्टा काढला की खाली पापुद्रे. म्हणून पट्टा न काढता "टाकी चांगली आहे" असं म्हणूच नका.

टाकीखाली फळी ठेवून जॅक लावा आणि एकेक पट्टा सोडा. त्याआधी डिझेल काढून घ्या. लिटरमागे साधारण 830 ग्रॅम धरा, म्हणजे 200 लिटरला 165 किलोच्या आसपास वजन झालं, वर टाकीचं वेगळं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग फ्लोटची (टाकीत डिझेल किती ते दाखवणाऱ्या तरंगत्या भागाची). जाणारा आणि परतीचा पाइप खुणा करून सोडा. ते उलटे लागले तर गाडी सुरू होईलही, पण अर्ध्या टाकीवर हवा ओढेल.

मग हातानेच तारेचा ब्रश मारा. ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात. खड्डे दिसतील तिथे जाड स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबा. पत्रा दबला की तो भाग गेला. हातोडीच्या मुठीने ठोकूनही कळतं: चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द बोलतो. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. मूळ जाडीच्या निम्म्याखाली पत्रा उतरला असेल तर मी दुरुस्तीचा विषयच सोडून देतो.

नुसता वरवरचा गंज असेल तर काम खुशाल घरी करा. ब्रश, गंज बदलणारं फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं लिक्विड, ते पूर्ण सुकल्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वर चेसिस ब्लॅक (चेसिसला लावतात तो काळा रंग). पट्ट्याखालचं रबर नवंच टाका. जुनं रबर परत बसवलं की तोच खेळ पुन्हा.

वेल्डर, वाडी
माझा एकच मुद्दा, पण तो लांब आहे. ज्या दुरुस्तीत ज्योत, वेल्डिंगचा चाप (आर्क) किंवा ग्राइंडर येतो ती घरी नाही. विषय संपला.

डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट मानकाप्रमाणे किमान 35 अंश. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. नागपुरात मे महिन्यात सावलीतच 45 होतं, उन्हातल्या टाकीचा पत्रा तर हात लावू देत नाही. पेट्रोलियम पदार्थांची वर्गवारी पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. त्या वर्गवारीत डिझेल 'ब' वर्गात येतं, फ्लॅश पॉइंट 23 ते 65 अंश. हिवाळ्यातल्या सकाळी जे सुरक्षित वाटतं ते उन्हाळ्यातल्या दुपारी नसतं. आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

टाकी साबणाने धुतली, वास गेला, म्हणजे झालं असं नाही. जोडाच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली डिझेल मुरलेलं राहतं. वेल्डिंगची धग लागली की ते वाफ होऊन बाहेर येतं, तेही काम अर्ध्यावर असताना. म्हणून कारागीर आधी गरम पाणी आणि डिटर्जंटने धुतो, मग वाफेने निदान तासभर उकळवतो, गॅस डिटेक्टर शून्य दाखवेपर्यंत थांबतो आणि मध्येमध्ये पुन्हा तपासतो. त्यानंतर टाकी अशी ठेवतो की भोक सगळ्यात वर येईल. मग भोकाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पाणी भरतो. झाकण आणि फ्लोट काढलेले, तोंडं उघडी. बंद टाकीवर कोणी वेल्डिंग करत असेल तर तिथून निघून जा.

ठिगळासाठी काळा किंवा सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा, 1.6 ते 2 मिलिमीटर, गंजाच्या कडेपासून चारी बाजूंनी निदान 25 मिलिमीटर चांगल्या पत्र्यावर चढलेला. भोकाएवढंच ठिगळ लावलं की टाका कुजलेल्या पत्र्यावर पडतो, भोक मोठं होत जातं आणि वेल्डर दोष इलेक्ट्रोडला देतो.

नवा मालक, हिंगणा रोड
सायलेंसरचा धूर पाइपने टाकीत सोडून वेल्डिंग करतात असं ऐकलं. त्याने हवा निघून जाते ना?

वेल्डर, वाडी
नाही भाऊ. डिझेल इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हवा ओढतं, त्यामुळे त्याच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरतो. बाहेरच्या हवेत 21 टक्के असतो, आयडलवरच्या डिझेल धुरातही 15 च्या वरच. वाफ पेटायला तेवढा पुरतो. धूर दिसतो म्हणून हवा गेली असं वाटतं, बस. शिवाय धूर गरम, तो टाकीत आणखी वाफ तयार करतो.

रसायनवाला, इतवारी
आतला गंज असेल, पण पत्रा जाड असेल आणि गळती नसेल, तर ते काम घरी होतं. ज्योत लागत नाही, धीर लागतो.

पहिली पायरी तेलकटपणा काढण्याची. डिझेलचा थर असेपर्यंत कोणतंही आम्ल गंजाला शिवत नाही. गरम पाणी 20 लिटर, डिटर्जंट पावडर अर्धा किलो, टाकी सगळ्या बाजूंनी लोळवा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत हेच परत करा.

मग सायट्रिक अ‍ॅसिड, किराण्यातलं लिंबूसत्व. प्रमाण पाच टक्के: 50 लिटर कोमट पाण्यात अडीच किलो. 200 लिटरची टाकी काठोकाठ भरायची तर दहा किलो लागेल, त्यापेक्षा 50 लिटर घालून टाकी दर आठ तासांनी दुसऱ्या कुशीवर वळवा. गरम द्रावण जलद काम करतं, आपलं ऊन इथे उपयोगी पडतं. दर कुशीला आत एलईडी टॉर्चने पाहा, लोंबता बल्ब टाकीत सोडू नका. गंज गेला की थांबा. जास्त वेळ ठेवलं तर आम्ल चांगल्या लोखंडावर उतरतं.

खरी परीक्षा पुढे आहे. आम्ल काढलेलं उघडं लोखंड हवेत बघता बघता पुन्हा तांबडं होतं. म्हणून आम्ल ओतून टाकताच धुण्याच्या सोड्याचं पाणी, 20 लिटरला 200 ग्रॅम, फिरवा. मग साध्या पाण्याने एकदा धुवा आणि लगेच वाळवा. कॉम्प्रेसरची हवा पाणी गाळणाऱ्या सापळ्यातून घ्या, नाहीतर ती स्वतःच ओली असते. सुकलं की तासभरही न थांबता चार-पाच लिटर स्वच्छ डिझेल आत फिरवून पत्रा तेलकट करा.

मुरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (हायड्रोक्लोरिक) कोणी सुचवेल. स्वस्त आहे, दहा मिनिटांत गंज उडवतं, पत्राही उडवतं, हायड्रोजन सोडतं आणि जोडाच्या फटीत उरून महिनाभराने आतून पोखरतं. माझ्या मते टाकीसाठी ते नकोच. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला सोड्याचं पाणी लावू नका, अल्कली तो धातू खाते.

टिपर मेकॅनिक, उमरेड रोड
यात एक भर. मोटरसायकलच्या टाकीत साखळी किंवा नट टाकून हलवतात, तो प्रयोग ट्रकवर अर्धाच जमतो. ट्रकच्या टाकीत आडवे पडदे असतात, डिझेल हिंदळू नये म्हणून. साखळी एका खणात अडकते, पलीकडचा खण तसाच राहतो. टाकली तर तोंडातून दोरीने बांधून टाका, म्हणजे काढता येईल.

डिझेल पंप मिस्त्री, कामठी रोड
इथे कोणी गाडीचं वय विचारलंच नाही. मला तर तोच पहिला प्रश्न वाटतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाची गाडी थोडी घाण सहन करते. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत, नाही करत. तिथे दाब 1600 बार आणि त्याच्या वर जातो, इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या. गंजाचा बारीक कण हाय प्रेशर पंपात गेला तर पंप, रेल, इंजेक्टर सगळ्यांचं काम निघतं, आणि त्या खर्चात नव्या टाक्या येतात. म्हणून बीएस-4, बीएस-6 (प्रदूषण मानकांच्या नव्या) गाडीत आतून खोल गंजलेली टाकी मी धुऊ देत नाही, बदलायलाच सांगतो. वर रसायनवाल्यांनी सांगितलेली रीत बरोबर आहे, पण ती जुन्या गाडीला.

दुसरं, स्थानिक कारागीर नवी टाकी बनवताना "गंजणार नाही" म्हणून जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा सुचवतात. घेऊ नका. जस्त डिझेलशी क्रिया करतं, त्याचा साबणासारखा चिकट पदार्थ होतो आणि फिल्टर बसतात. तांब्याचंही तेच, डिझेल लवकर खराब होतं. बाहेरून हवं तेवढं झिंक प्रायमर मारा, आतून नको.

टाकी बसवल्यावर प्री-फिल्टर आणि मेन फिल्टर दोन्ही नवे, हातपंपाने हवा काढा. पहिली टाकी संपली की फिल्टर पुन्हा बदला आणि जुना कापून पाहा. कागदाच्या घडीत तांबडी रेती दिसली तर सफाई अपुरी झाली.

रसायनवाला, इतवारी
जुन्या गाडीबाबत सहमत. आत लावायच्या सीलर कोटिंगबद्दलही लिहा कोणी, त्यावर मत वेगळं पडेल.

डिझेल पंप मिस्त्री, कामठी रोड
लिहितो. मी विरोधात. कोटिंग टिकतं ते पूर्ण कोरड्या, तेलविरहित, खरखरीत पत्र्यावर. पडद्यांच्या मागे ते समान पसरत नाही. वर्षभराने सुटतं तेव्हा पापुद्रे सक्शन पाइपच्या जाळीवर बसतात. गाडी चढावर दम सोडते, थांबवली की पापुद्रे सुटतात आणि पुन्हा नीट चालते. हा बिघाड शोधण्यात लोक आधी इंजेक्टर उघडतात.

ड्रायव्हर, पारडी
रस्त्यात गळती लागली तर एवढं करा: कपड्याचा साबण भोकावर घासून दाबा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, गॅरेजपर्यंत नेतो. पावसात मात्र धुऊन जातो. एम-सील (भोक बुजवायची चिकट लुगदी) लावायचं तर टाकीतलं डिझेल भोकाच्या खाली उतरवा, जागा खरवडून पेट्रोल न वापरता थिनरने पुसा, पूर्ण सुकू द्या. ओल्या पत्र्यावर ते चिकटतच नाही. पत्र्याचा स्क्रू आणि रबर वॉशर ठोकू नका, कुजका पत्रा फाटतो.

वेल्डर, वाडी
दुरुस्तीनंतरची चाचणी राहिली. तोंडं बंद करून हवा भरतात, तेव्हा दाब 0.2 बार, म्हणजे 3 पीएसआयच्या पुढे नको. 50 बाय 60 सेंटिमीटरच्या एका बाजूवर एवढ्यानेच सहाशे किलोच्या वर जोर येतो. कॉम्प्रेसर थेट जोडला तर टाकी फुगून फाटते. साबणाचं पाणी जोडावर लावा आणि बुडबुडे पाहा. दुसरी जुनी पद्धत: जोडाला बाहेरून खडूची पातळ लापशी लावून सुकवा, आत रॉकेल किंवा थोडं डिझेल ठेवा. बारीक भोक असेल तिथे पांढऱ्यावर काळपट डाग येतो. टाकीला सगळ्या बाजूंवर वळवून अर्धा-अर्धा तास ठेवा.

टिपर मेकॅनिक, उमरेड रोड
आतला गंज पुन्हा येऊ नये म्हणून दोन गोष्टी. रात्री टाकी शक्यतो भरून उभी करा. रिकाम्या जागेतली दमट हवा थंड पत्र्यावर पाणी सोडते, ते तळाशी जमतं. आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी ड्रेन प्लगमधून अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत काढा. खाली पाण्याचा थर दिसला तर डिझेल स्वच्छ येईपर्यंत सोडा. काळी शेवाळी चिकट घाण दिसली तर ती जंतूंची वाढ आहे, नुसतं पाणी काढून भागत नाही, टाकी उघडून धुवावी लागते. प्लगला तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. झाकणाचं रबर आणि ब्रीदरचं (टाकीत हवा येण्याच्या वाटेचं) भोकही तपासा. ब्रीदर बंद असेल तर टाकीत निर्वात होऊन पत्रा आत ओढला जातो.

धुतलेलं पाणी आणि गाळ नालीत ओतू नका, पावसात ते नाग नदीतच जातं. ड्रममध्ये ठेवा आणि वापरलेलं ऑइल उचलणाऱ्याला द्या.

नवा मालक, हिंगणा रोड
भंगारातली टाकी घ्यावी का?

टिपर मेकॅनिक, उमरेड रोड
घेऊ शकता. फ्लोटचं भोक आणि त्याच्या स्क्रूंचं अंतर, पट्ट्यांमधलं अंतर, सक्शन पाइपची लांबी आधी मोजून न्या. पाइपचं टोक तळापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर हवं, खाली टेकलं तर गाळ ओढतो. फ्लोटच्या भोकातून टॉर्च मारून वरचा पत्रा पाहा. तळ कोणीही घासून दाखवतो, वरच्या बाजूला मात्र हात पोहोचत नाही, तिथे गंज असेल तर तिथेच दिसतो.