शब्दचर्चा : 'एअरप्ले चार्ट'ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ : मंडळी, एका शब्दानं माझा आठवडा खाल्लाय. रत्नागिरीतल्या एका दिवाळी अंकासाठी क्रोएशियातल्या रेडिओवर लेख लिहितेय. भाऊ बोटीवर असतो. त्याची बोट रिएका बंदरात दुरुस्तीला लागली होती, तेव्हा त्यानं तिथून बरीच माहिती पाठवली. तिथे 'एचआर टॉप ४०' नावाची यादी निघते : देशभरच्या रेडिओवर सर्वांत जास्त वाजलेली ४० गाणी, आणि तीही फक्त तिथलीच, परकी नाहीत. मी लिहिलं, 'देशांतर्गत लोकप्रिय संगीताचा राष्ट्रीय नभोवाणी-प्रसारण तक्ता'. संपादकांनी समासात विचारलंय, "हे एसटीचं वेळापत्रक आहे का?" 'एअरप्ले'ला काय म्हणू? आणि 'चार्ट'ला?

सुकटबोंबील : देशांतर्गत म्हटलं की मला विमानतळ दिसतो. 'देशी' लिहा.

हर्णैचा वारा : 'देशी' लिहिलंत तर वाचक दुकान उघडायची वेळ विचारेल.

खाडीकाठ : 😄 तोच तर घोळ. 'स्वदेशी' म्हणावं तर चरखा आठवतो. 'गावठी' कोंबडीला शोभतं, गाण्याला नाही. भाऊ सांगतो, तिकडचा शब्द 'दोमाचा' असा काहीसा आहे, आणि बाजारात चीजवर, सॉसेजवर हीच पाटी असते.

दम्पती-दमयंती : असणारच! 'दोम' म्हणजे घर. आपल्या संस्कृतात 'दम' म्हणजे घर, त्यावरून दम्पती, घराचे धनी. एकाच मुळाचे हे दोन शब्द. म्हणजे तुमच्या भावानं वाचलेली पाटी आपल्याकडच्या 'घरगुती कोकम आगळ मिळेल' या पाटीची सख्खी चुलत बहीण झाली. 'घरची गाणी' लिहा, मुळाला धरून होईल.

सुकटबोंबील : घरची गाणी म्हणजे जात्यावरच्या ओव्या. आणि सख्खी चुलत हे काय नातं?

शुद्धमती : मुळात 'चार्ट', 'रेडिओ' हे शब्द येतातच कशाला? सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, याच गावात बसून त्यांनी भाषाशुद्धीचं काम केलं. दिनांक, महापौर हे शब्द आज सगळे वापरतात ते उगाच नाही. नभोवाणी हाही त्यातलाच. 'नभोवाणी-क्रमावली' म्हणा, चार वेळा छापून आलं की रुळेल.

हर्णैचा वारा : महापौर रुळले, नभोवाणी नाही रुळली. रत्नागिरी केंद्राच्या पाटीवरसुद्धा आकाशवाणीच आहे, आणि तो शब्द १९३५ साली म्हैसूरच्या खासगी केंद्रातून आला. बाकी गावात कोण म्हणतं 'आकाशवाणी लाव'? रेडिओच म्हणतात. गंमत म्हणजे या क्रोएशियातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओसाठी 'क्रुगोव्हाल' असा शुद्ध शब्द काढला होता. आज तिथेही सगळे रेडिओच म्हणतात.

शुद्धमती : पण संगीताला ते अजूनही 'मुझिका' न म्हणता 'ग्लाझ्बा' म्हणतात, तेही शुद्धीच्याच हट्टानं. ते सोयीस्कर विसरलात.

बुधवार रात्री आठ : चार्टला शब्द शोधायची गरजच नाही, तो अमीन सयानींनी दिलेला आहे, गीतमालेत गाण्याच्या क्रमांकाला ते म्हणायचे : पायदान! बिनाका गीतमाला १९५२ ला सिलोनवर सुरू झाली तेव्हा केसकर रेडिओ खात्याचे मंत्री होते आणि आपल्या रेडिओवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद. आमच्या गावात एकच रेडिओ, खोतांच्या ओटीवर. माजघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी ताणलेली. पावसाळ्यात वीज चमकली की गाण्याच्या मधोमध कुणीतरी कागद टरकावल्यासारखा आवाज व्हायचा. आणि 'पायदान' ऐकलं की आजी विचारायची, "पायपुसण्यावर कसली गाणी ठेवतो हा?"

दम्पती-दमयंती : आजी बरोबर होती, हिंदीत पायदान म्हणजे पायपुसणंही. तसा तुमच्या 'चार्ट'ला आपल्याकडे मस्त शब्द आहे : उतरंड. गाण्यांची उतरंड.

सुकटबोंबील : उतरंडीत सर्वांत मोठं मडकं तळाला असतं आणि वर इवलंसं बोळकं. पहिल्या नंबरचं गाणं बोळकं का?

निवृत्त निवेदिका : मी काही वर्षं एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदक होते, म्हणून दोन शब्द. मूळ प्रश्नातला 'लोकप्रिय' जरा जपून वापरा. गीतमालेत रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं धरायचे, म्हणजे लोकांनी काय उचललं ते. 'आपली आवड'मध्ये पोस्टकार्डं यायची, तीही लोकांचीच मागणी. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाची 'हॉट १००' ही यादी १९५८ ला सुरू झाली, तिच्यात विक्री आणि रेडिओ दोन्ही मोजतात. पण निव्वळ एअरप्लेची यादी मोजते ती रेडिओवाल्यांची कृती. कुठल्या केंद्रानं कुठलं गाणं किती वेळा दिलं, एवढंच. आता यंत्र गाण्याचा आवाज ओळखून आपोआप नोंद करतं, आणि बऱ्याच ठिकाणी मोठ्या श्रोतृवर्गाच्या केंद्राचं एक वाजवणं लहान केंद्राच्या एकापेक्षा जड धरतात. तेव्हा पहाटे अडीचला दहा वेळा वाजून गाणं वर चढेलच असं नाही.

आणि शब्दाचं म्हणाल तर स्टुडिओत आम्ही गाणं 'प्रसारित' कधीच केलं नाही. क्यू शीटवर रेकॉर्डचा नंबर, गायक, संगीतकार, वेळ लिहायचं, तबकडी काढायची, बाहीनं धूळ पुसायची (पुसू नये असा नियम होता) आणि गाणं लावायचं. मी लावलं की तुमच्याकडे ते लागायचं. एअरप्ले म्हणजे लावणं.

गाबितांचो बाबू : ह्या बरोबर! आमच्या मालवणात 'रेडिओर गाणा लागला' असाच म्हणतत. तुमी इतके शब्द कित्याक शोधतास? 'सगळ्यात जास्त लागलेली गाणी' लिवा आणि मोकळे व्हा.

खाडीकाठ : 'लागलेली गाणी'! आवडलं. पण शीर्षकात नाम हवं ना, 'लागलेली' हे अधांतरी वाटतं. 'गाण्यांची लागण' म्हटलं तर साथरोग.

हर्णैचा वारा : लागणे हे क्रियापद फार चावट आहे. आजी मुंबईहून स्टीमरनं यायची, ती सांगायची, "हर्णैला बोट लागायच्या आधी मला बोट लागायची."

बुधवार रात्री आठ : हर्णैला बोट लागत नव्हतीच. ती बाहेर समुद्रात उभी राहायची, माणसं पडावातून उतरायची. आजीला बोट लागली असेल, पण हर्णैला नव्हे.

हर्णैचा वारा : माझ्या आजीचं वाक्य आहे, तुमच्या बंदर खात्याचं नाही.

सुकटबोंबील : लावणं हे क्रियापद, मग नाम 'लावणी'. राष्ट्रीय लावणी यादी. हा घ्या शब्द.

शुद्धमती : लावणीची चेष्टा नको. लावणी ही लावण्यावरून आली आहे.

तरवा : काही लावण्य वगैरे नाही. शेतात लावणी लावतात, त्यावरून गाण्याची लावणी. आमच्याकडे आत्ता तेच चाललंय. सकाळपासून तरवा काढून मुठी बांधल्या, पाठीला पोक आलंय, इरल्यातून पाणी मानेवर गळतंय आणि बांधावर फोनवर गाणी लागलीयत. लावणी लावताना गाणं म्हणायचं, म्हणून लावणी.

दम्पती-दमयंती : भातलावणीची गाणी आणि ढोलकीची लावणी यांचा संबंध कुठे दिसतो? एक शब्द सारखा आला की मूळ एकच, असं नसतं.

तरवा : दम आणि दोम चालतं, लावणी आणि लावणी नाही चालत. छान.

दम्पती-दमयंती : दम-दोमला भाषाशास्त्राचा आधार आहे हो.

गाबितांचो बाबू : चिखलात उबो असलेल्याक भाषाशास्त्र सांगू नकात.

खाडीकाठ : मंडळी, परवा मजकूर द्यायचाय. 'रेडिओवर सर्वांत जास्त लागलेली क्रोएशियन गाणी' असं वाक्यच लिहितेय, नाम सोडून दिलं. पण ही यादी दर आठवड्याला निघते, मग गाणं तीन आठवडे यादीत राहिलं तर यादीत 'टिकलं' म्हणू की 'मुक्काम ठोकला'?

शुद्धमती : ठोकला नको.

तरवा : ते नंतर बघा. लावणी लावण्यावरून आली हे कुणी लिहिलंय, तेवढं पान सांगा मला.