दस्ता लावलेलं कोल्ट: मिरवायचं की कामाचं?

फिंडलेकर
शिकारखाना यांनी काल दुसऱ्या चर्चेत लिहिलं: "ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला खांद्याचा दस्ता म्हणजे निव्वळ मिरवायची वस्तू. नेमात काडीचा फरक पडत नाही. सैन्यानेही टाकूनच दिला." रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे कोल्टच्या १८६० आर्मी रिव्हॉल्व्हरची इटालियन प्रतिकृती आहे, चार स्क्रूची. तो चौथा स्क्रू कशासाठी असतो हे कधी पाहिलंत का? त्याची दोन्ही टोकं चौकटीबाहेर येतात आणि दस्त्याचा काटा त्यांवर टेकतो. रिकॉइल शील्डला, म्हणजे सिलिंडरमागच्या आडोशाला, दोन बाजूंना खाचा, मुठीच्या तळाशी आकड्यासाठी खोबण. आकडा अडकवून चाकी आवळली की मूठ आणि दस्ता एकजीव होतात. नुसतं मिरवायचं असतं तर कोल्टने एवढा खटाटोप करून १८५९ साली पेटंट घेतलं नसतं.

आता नेम. या रिव्हॉल्व्हरची मागची खाच घोड्याच्या डोक्यावर असते, घोडा पूर्ण चढवल्याशिवाय ती दिसतच नाही. हात जरा थरथरला की खाच आणि माशी दोन्ही नाचतात. ५० यार्डांवर नुसत्या हाताने माझे सहा बार परातीएवढ्या जागेत विखुरतात. दस्त्यावर तेच सहा बशीत बसतात. याला काडीचा फरक म्हणायचं?

शिकारखाना
पेटंट घेतलं म्हणजे वस्तू कामाची ठरत नाही. जेफर्सन डेव्हिस अमेरिकेचे युद्धमंत्री असताना स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात १८५५ चं पिस्तूल-कार्बाइन निघालं. घोड्यावर बसलात की पिस्तूल, खाली उतरलात की दस्ता जोडा, हीच कल्पना. बनली किती? ४,०२१. पुढे घोडदळाने शार्प्स आणि स्पेन्सर धरल्या, कारण खरी कार्बाइन हातात असताना जोडायचं-सोडायचं लाकूड खोगिराला कोण लटकवणार? कोल्टने तर दस्त्याच्या पोटात पाण्याची बाटलीही घालून पाहिली. म्हणजे नुसता दस्ता म्हणून तो खपत नव्हता.

आणि मुख्य मुद्दा तुम्ही टाळलात. चेन फायर झाला, म्हणजे एका बाराची आग शेजारच्या बारालाही लागली, तर डावा हात कुठे असतो?

कलम_पोटकलम
अमेरिकेतल्या मंडळींनी एक गोष्ट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. केपवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, चालणारं रिव्हॉल्व्हर, प्रतिकृती असली तरी, संघराज्याच्या कायद्यात अँटिक धरतात, त्यामुळे दस्ता चालतो. पण त्याच चौकटीत काडतुसांचं कन्व्हर्जन सिलिंडर बसवलंत आणि दस्ताही ठेवलात, तर १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल झाली. ती १९३४ च्या संघराज्याच्या शस्त्रकायद्याखाली येते, आधी नोंदणी लागते. राज्यांचे नियम आणखी वेगळे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ दोन्ही वस्तू एकाच पेटीत घेऊन आले होते आणि "मी जोडणार थोडाच आहे" म्हणत होते. माझ्या अंगावर काटा आला.

वाडीची_नात
तुमच्याकडे दस्ता कुठला लावायचा यावर वाद आहे. आमच्याकडे अख्खी बंदूकच घरात राहत नाही. आजोबांची ठासणीची, शेतीसंरक्षणाचा परवाना. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा. ती येते ऑक्टोबरच्या सुमारास, भात कापणीला आलेलं असतं आणि रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा आडवा करतात. डबे वाजवून डुकरं जात नाहीत हो.

टर्नरफिटर
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण चेन फायरचा विषय निघालाय तर तो धसास लावू. शिकारखाना, आग पुढून शिरते असंच तुम्ही समजताय ना? माझ्या मते ती मागून शिरते. गोळी घरापेक्षा, म्हणजे सिलिंडरमधल्या तिच्या भोकापेक्षा, किंचित मोठी असते, ठासताना शिशाची गोल कडी तासून निघते. तशी कडी निघाली की पुढून वारासुद्धा आत जात नाही. पण निपलवर, म्हणजे घराच्या मागच्या बोंडावर, केप ढिली असेल, किंवा दणक्याने उडून गेली असेल, तर शेजारच्या घराचं भोक उघडंच. मी सहा वर्षं घरांच्या तोंडाला चरबी न लावता बार काढतोय. एकदाही झालेला नाही.

शिकारखाना
सहा वर्षं हेल्मेट न घालता गाडी चालवली म्हणून डोकं फुटत नाही असं होत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक तोंडाला चरबी लावत आले, ते सगळे अडाणी होते का?

टर्नरफिटर
अडाणी कुणीच म्हणालं नाही. चरबीने काजळी मऊ राहते, सिलिंडर अडत नाही, त्यासाठी हवी तर लावा. आग अडवायला लावतात हे मला मान्य नाही. तुम्ही सिलिंडर कधी मायक्रोमीटरने मोजलंय का, की नुसतं ऐकीव?

शिकारखाना
ऐकीव? माझ्या डाव्या तर्जनीवर दोन इंचांचा व्रण आहे. दस्ता लावला होता, रायफलसारखा डावा हात नळीखालच्या गोळी ठासायच्या लिव्हरवर धरला होता. एकाच वेळी दोन बार उडाले. शेजारच्या घरातली गोळी बोट घासून गेली आणि दारूचे कण चामडीत रुतले, ते डॉक्टरने सुईने एकेक काढले. मुलगी मागे उभी होती. त्या दिवसापासून दस्ता पेटीत आहे. तुम्ही मला मायक्रोमीटर शिकवू नका.

फिंडलेकर
हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढ्या चढ्या सुरात लिहिलं नसतं. पण दोष हात धरण्याच्या जागेचा आहे, दस्त्याचा नाही. आमच्या फिंडले गावात उभी राहिलेली अमेरिकी यादवी युद्धातली २१वी ओहायो पलटण २० सप्टेंबर १८६३ ला चिकमौगाच्या टेकडीवर कोल्टच्या पाचबारी रायफली घेऊन लढली. त्या रायफलींना हीच भीती होती: हात सिलिंडरच्या पुढे गेला की गेला. दस्ता लावल्यावर डावा हात उजव्या मुठीवरच लपेटायचा, पुढे न्यायचाच नाही. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून शिशाचे कण आणि आग बाजूला उडतात, तेही मग बोटांना लागत नाहीत. आणि चष्मा हवाच. दस्त्यामुळे चेहरा घोड्याच्या जवळ येतो, केपचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

टर्नरफिटर
शिकारखाना, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. एकच विचारतो. त्या दिवशी चरबी लावली होती का? आणि केपा कुठल्या?

शिकारखाना
चरबी भरपूर होती, काठोकाठ. केपा ११ नंबरच्या, निपलला सैल होत्या म्हणून बोटाने चिमटून बसवल्या होत्या.

टर्नरफिटर
मग आग पुढून आली कशी? चिमटलेली केप लांबट होते, दोन बाजूंना फट राहते. १० नंबरची नीट बसली असती.

वाडीची_नात
आजोबा केप बोटाने नुसती ठेवायचे आणि मग बांबूच्या काडीने दाबायचे, तळाला टेकेपर्यंत. आम्ही मुलं विचारायचो, एवढं कशाला? म्हणायचे, "मागचं दार उघडं ठेवून झोपतं का कोण?"

शिकारखाना
त्या एका दिवसापुरतं मागून झालं असेल, एवढं मानतो. पुढून कधीच होत नाही हे मानणार नाही, चरबीही सोडणार नाही. आणि सैन्याने दस्ता टाकला हे माझं म्हणणं तसंच उभं आहे.

फिंडलेकर
सैन्याचं मान्य. घोडदळाला तो अडचणच झाला असणार. मी घोड्यावर बसत नाही, लक्ष्यावर बार काढतो. शनिवारी मी रेंजवर आहे. माझ्या दस्त्यावर तुम्ही सहा बार काढा, ५० यार्डांवर.

शिकारखाना
येईन. केपा १० नंबरच्या तुम्हीच आणा. आणि पहिले सहा मी नुसत्या हाताने काढणार, दस्ता त्यानंतर.