सायकॉलॉजी शिकलेल्यांनो, अनुभव सांगा (सोलापूरकर आधी!)

लेक बारावी आर्ट्स झाली. सायकॉलॉजी घेऊन पुढे समुपदेशन करायचं म्हणते. घरात एकच गोंधळ. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?" दिराने हात पुढे करून मनातलं ओळखायला सांगितलं. त्याला ज्योतिष वाटलं बहुतेक. ज्यांनी हे शिकलंय, शिकून पोट भरलंय किंवा मधेच सोडलंय, त्यांनी लिहा. गोड गोड नको.

पूर्वभागवाली
ताई, मी एमए केलंय, इथंच. दुसऱ्या वर्षी समुपदेशनाचं प्रात्यक्षिक असतं. मैत्रीण क्लायंट झाली, मी समुपदेशक, मोबाईलवर रेकॉर्डिंग. मॅडमनी ऐकलं आणि वहीवर रेघा ओढत गेल्या. दहा मिनिटांत माझे एकवीस प्रश्न! म्हणाल्या, "अगं, ही काय पोलीस चौकी आहे?"

घरी येऊन अम्मम्माशेजारी, म्हणजे आजीशेजारी बसले. ती विडी वळत होती. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मीही पानं कापायला घेतली. विचारलं काहीच नाही. पाऊण तासाने ती आपणहून बोलायला लागली, आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हाचं. नजर सुपात, हात चालू. मधेच म्हणाली, "गुंडे दड". तेलुगूत छातीत धडधडणं. आमच्या पुस्तकात त्याला अँक्झायटी म्हणतात, पण अम्मम्माला तो शब्द देऊन काय करू? कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ सालीच लिहून ठेवलंय की विनाअट स्वीकार आणि समानुभूती हवी. मी ते परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आणि क्लायंटच्या डोळ्यांत बघून बोला म्हणतात ना, ते सगळीकडे चालत नाही. आमच्या गल्लीत बाया खाली बघूनच मनातलं बोलतात.

लेकीला तेलुगू नाही तर कन्नड, एक तरी कानावरून जाऊ द्या. सोलापुरात उपयोग होतो.

पाटीवाला
माझी फजिती वाचा आणि शहाणे व्हा. एमए झालं की लगेच पाटी रंगवून घेतली, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'. पेंटरला वर फूल पण काढायला लावलं. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सरांचा फोन. "काय बे, आरसीआय नंबर कुठंय तुझा?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. नुसत्या एमएवर ते नाव लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने (हीच ती आरसीआय) मान्य केलेला क्लिनिकलचा वेगळा अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. जागा थोड्या, चुरस फार. औषध लिहिणारे सायकिअ‍ॅट्रिस्ट, ते एमबीबीएस करून पुढे एमडी वगैरे केलेले डॉक्टर. हा फरक लेकीला आत्ताच सांगा. मी 'क्लिनिकल' खोडून 'समुपदेशक' लिहिलं. फूल तसंच आहे.

नवी पेठ
बीए सायकॉलॉजीला मजा होती. आरशात बघून चांदणी गिरवायची, सारख्या लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात तो म्युलर-लायरचा प्रयोग, स्टॅटिस्टिक्सने घाम. (गणित सुटलं म्हणून आर्ट्सला येणाऱ्यांनो, सावधान.) पुढे मी बँकेची परीक्षा दिली. दुसऱ्याचं ऐकलेलं रात्री माझ्याच डोक्यात फिरायचं, झोप लागायची नाही. पश्चात्ताप नाही.

खडूवाली बाई
शाळेत समुपदेशक आहे. शाळेचं नाव सांगत नाही. कुणी शिक्षक आले नाहीत की तास मला. पालक येतात ते मार्क वाढवायला. मूल मात्र दाराशी दप्तराचा बंद कुरतडत उभं असतं. माझी खोली स्टोअर रूमला लागून आहे, मधे पार्टिशन. गुप्ततेवर दोन तास लेक्चर ऐकलंय मी आणि पलीकडे शिपाईमामा खुर्च्या मोजतात. चार वेळा अर्ज दिला. शेवटी मुलांना घेऊन मैदानावर फेऱ्या मारायला लागले. पगाराचं विचारू नका.

सात रस्ता
खाजगी करायचं तर आधी ऐकायची तयारी ठेवा, "नुसतं बोलायचे पैसे?" आणि रात्री दोनला ओळखीच्यांचे फोन येतात. पहिलं वर्षभर मी सगळे उचलले, मग स्वतःच दुसऱ्या समुपदेशकाकडे जाऊन बसले. आता टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर देते, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद. पाटीवाले, फुलावर आम्ही दोघी खूप हसलो. पूर्वभागवाली, तुमचं वाचून काल रात्री भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. लेक समोर येऊन बसली. मी काही विचारलं नाही. दोन पाट्या टरफलं झाली. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. फॉर्म मात्र सोमवारी भरतोय.