सर्व्हिस डॉग घेऊन तीन आठवडे पुण्याला: कुणी गेलंय का?

मृण्मयी_एडिसन

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखाली जोर नाही. हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरते, लांब जायचं असेल तर मागे बॅटरीचं चाक जोडते. सोबत भिडू असते, माझी सर्व्हिस डॉग, म्हणजे माझ्या मदतीची कामं शिकवलेली कुत्री. काळी लॅब्रॅडोर, मुलगी आहे, पण नाव भिडूच. हातातून पडलेली वस्तू उचलून मांडीवर आणून देते, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडते, फोन कुठेही असो, शोधून आणते. रात्री पाय आखडले की नवऱ्याला उठवते. शिकवलेलं काम आहे हे, लाडाचं कुत्रं नव्हे.

डिसेंबरात पुण्यात मावसभावाचं लग्न आहे. नवऱ्याला रजा नाही, मी अमेरिकेतून एकटी जाणार. आई म्हणते, "कुत्रं तिथेच ठेव, घरात माणसं काय कमी आहेत?" मला भिडूला न्यायचंय. विमानात तिला माझ्यापाशी बसू देतील का? मुंबईत उतरल्यावर काय काय लागतं? पुण्यात तिला घेऊन फिरता येईल का? माहीतगारांनी सांगा. "कशाला नेतेस" हे घरी ऐकून झालंय.

---

कोथरूडचा_बाब्या

विमानाचं माहीत नाही. पुण्याचं सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार जणांची टोळी आहे, त्यातला एक लंगडा आणि तोच मुख्य. परका कुत्रा दिसला की कोपऱ्यापर्यंत मिरवणुकीने पोचवतात. तुमची भिडू बिचारी शिकलेली, भुंकायची नाही. ह्यांना ते कोण सांगणार?

लग्नात बँड आणि फटाके असणार, तेही धरून चाला. फुटपाथवर व्हीलचेअर जात नाही, कारण फुटपाथवर मोटारसायकली जातात. कार्यालय कुठलं ते सांगा, जाऊन बघून येतो.

---

वसंतकाका_सिअॅटल

मृण्मयी, मी पण चाकावरचाच, आणि माझाही हा दुसरा कुत्रा. त्यामुळे "कशाला नेतेस" म्हणणार नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

विमानाचं सोपं आहे. अमेरिकेतून सुटणाऱ्या किंवा इथे येणाऱ्या प्रत्येक विमानाला इथल्या वाहतूक खात्याचा नियम लागू, कंपनी परदेशी असली तरीही. जानेवारी २०२१ पासून सर्व्हिस अॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा, अपंगत्वाशी संबंधित काम शिकवलेला. मोर, डुक्कर, 'मनाच्या आधारासाठी'ची मांजर, सगळे बाद झाले आणि बरंच झालं. त्या लोकांनी आपल्याला फार छळलं होतं. खात्याचा एक फॉर्म आहे. त्यात लसीची, प्रशिक्षणाची आणि वागणुकीची माहिती तू स्वतः सही करून द्यायची. डॉक्टरचं पत्र लागत नाही. 'सर्टिफिकेट' विकणाऱ्या वेबसाइटना एक डॉलर देऊ नकोस, त्या कागदाला कुणी विचारत नाही. उड्डाण आठ तासांचं किंवा त्याहून मोठं असलं तर दुसरा फॉर्म लागतो: कुत्रा तेवढा वेळ विधी आवरेल, किंवा घाण न करता उरकेल, अशी हमी. कंपनी हे फॉर्म ४८ तास आधी मागू शकते. कुत्रा तुझ्याच पायापुढच्या जागेत मावला पाहिजे, शेजारच्याच्या पायात नाही. लॅब्रॅडोर मावते, पण अंगाची घडी करून. माझा आधी नाक सीटखाली घालतो, मग मागचे पाय पोटाशी घेतो आणि शेपूट माझ्या बुटावर टाकतो. ती शेपूट ट्रॉलीच्या वाटेत येऊ द्यायची नाही, एवढंच काम आपल्याला.

पंधरा तास तो कसा काढतो, हे सगळे विचारतात. निघण्याआधी रात्रीचं जेवण निम्मं, सकाळचं नाही, पाणी थोडं थोडं. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे मोठ्या विमानतळांवर कुत्र्यांची खोली असते, बोर्डिंगच्या अगदी आधी तिथे नेऊन आण. घरी मात्र महिनाभर आधीपासून पॅडवर सवय कर. गवताशिवाय शू करणार नाही असा हट्ट असलेले कुत्रे असतात, आणि लॅब्रॅडोर त्यात पुढे. दोन मार्गिकांचं मोठं विमान घे. त्यात आपल्याला जाता येईल असं शौचालय आणि आत फिरवायची अरुंद खुर्ची असते.

आता खुर्ची. लोक कुत्र्याची काळजी करतात आणि खुर्ची गमावतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे खुर्ची सामानात धरतात. डिसेंबर २०२४ पासून भरपाईची मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. तुझी खुर्ची त्याहून महाग असणार. चेक-इनला 'किमतीची विशेष घोषणा' करायची आहे म्हणून सांग. काउंटरवरचं माणूस गोंधळेल, वरच्याला बोलवायला लाव. उशी, बाजूच्या फळ्या, निघेल ते सगळं काढून विमानात आपल्याजवळ ठेव. बॅटरी काढता येण्यासारखी लिथियमची असेल तर ३०० वॅट-अवरच्या आत हवी, काढून केबिनमध्ये न्यायची. आकडा बॅटरीवर छापलेला असतो, त्याचा फोटो फोनमध्ये ठेव.

इथवर ठीक. भारतात शिरायचं म्हटलं की प्रकरण वेगळं. कुत्रा फक्त ठरावीक शहरांतून आत येतो: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा. तिथल्या अॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाची एनओसी निघण्याआधी हातात हवी. अमेरिकी कृषी खात्याचा शिक्का असलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं. आणि खरी मेख पुढे आहे. सामानाबरोबर पाळीव प्राणी आणायची सवलत २०१३ पासून परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांना विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना लागतो. तीन आठवडे लग्नाला येणारी पाहुणी त्या सवलतीत बसत नाही. म्हणून तिकिटाआधी क्वारंटाइन कार्यालयाला लेखी विचार, सर्व्हिस डॉग म्हणून, कामांची यादी जोडून. फोनवर कुणी "हो हो, येऊ द्या" म्हटलं तर त्यावर निघू नकोस.

परतीचं तर लोकांना माहीतच नसतं. इथल्या सीडीसीच्या, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेच्या, यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. ऑगस्ट २०२४ पासून अशा देशातून परत येणाऱ्या कुत्र्याकडे 'अमेरिकेत दिलेल्या रेबीज लसीचा' खास फॉर्म लागतो, आणि त्यावर कृषी खात्याची मोहोर अमेरिकेतून निघण्यापूर्वी लागते. पुण्यातून ते होत नाही. तो नसेल तर रक्ततपासणी, ठरावीक विमानतळांवरच्या केंद्रात आरक्षण, नाहीतर २८ दिवस क्वारंटाइन.

एवढं केल्यावर माझं मत. कायमची जात असतीस तर "ने" म्हणालो असतो. तीन आठवड्यांसाठी नेऊ नकोस. भिडूची कामं कागदावर लिहून काढ. उचलणं, दार, फोन, रात्रीचे पाय. यातलं काय पुण्यात तिच्याच हातून व्हायला हवं? उचलायला दीड फुटाची चिमटा-काठी मिळते. फोन गळ्यात अडकव. रात्रीसाठी एक घंटी आणि एक बहीण. कुत्र्याचं काम त्याच्या ओळखीच्या जगात चालतं. भांबावलेला कुत्रा काम करत नाही, तूच त्याला सांभाळत बसतेस, तेही चाकावरून, एका हातात पट्टा धरून, उतारावर.

---

शेपटीचे_डॉक्टर

नाशिकला प्राण्यांचा दवाखाना आहे, म्हणून थोडी भर.

आपल्याकडे कुत्र्यांना सर्वांत जास्त त्रास गोचिडांचा. गोचीड ताप इथे रोजचा आहे. बाहेरच्या कुत्र्याला त्याची ओळख नसते, ताप, सुस्ती, नाकातून रक्त, प्लेटलेट एकदम खाली. आणलंतच तर गोचिडांचं औषध निघण्याआधीच सुरू असू द्या आणि रोज रात्री बोटांनी कानाच्या घडीत, पंज्यांच्या बेचक्यात, पट्ट्याच्या खाली चाचपा. मिरीएवढं काही लागलं तर ओढून काढू नका, चिमट्याने मुळाशी धरून सरळ वर.

रेबीजची लस आहेच, पण मायक्रोचिप लसीच्या आधी बसवलेली आहे ना ते जुन्या कागदांवर तपासा. चिप नंतरची असेल तर परतीच्या वेळी ती लस धरत नाहीत. हे इतक्या उशिरा लक्षात येतं की मालक रडकुंडीला येतात.

डिसेंबर आहे, डांबर तापत नाही, एवढं बरं. मे महिना असता तर मीसुद्धा काकांच्या बाजूने मत दिलं असतं. आत्ता देत नाही.

---

उतारावरची_वैशाली

मी पुण्यात व्हीलचेअरवर असते. कुत्रा नाही.

वसंतकाका, तुमची यादी बरोबर आहे, पण अमेरिकेतून केलेली आहे. इथे न विचारता चौघं येतात आणि खुर्ची मागून धरतात. मांडवाच्या पायऱ्या आल्या की "धरा रे" म्हणून उचलतात, मी आत बसलेली असताना. नाही म्हटलं की "अहो, आम्हाला काही त्रास नाही." त्रास मला असतो हो! खाली पडलेला रुमाल भाचीने द्यायचा म्हणजे आधी भाचीला हाक मारायची, ती फोटोतून उठून येणार, आणि मग सगळ्यांना कळणार की माझा रुमाल पडला. मृण्मयीचा प्रश्न मला तिथे कळतो.

कामाचं सांगते. कार्यालयांत रॅम्प म्हणून जे असतं ते सामानाच्या हातगाडीसाठी केलेलं असतं, उभं. बहिणीला सांग, रॅम्पच्या खाली उभं राहून व्हिडिओ काढ, आणि बाथरूमच्या दाराला टेप लावून मोज. "मोठं आहे गं" यावर विश्वास ठेवू नकोस. माझी खुर्ची २५ इंच, बाथरूमचं दार २४, असं फार ठिकाणी.

मुंबईहून पुण्याला गाडीच करा. रेल्वेत चेअर कार, एसी टू, थ्री टायरमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आपला असेल तरच जवळ ठेवता येतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमधला पिंजरा. त्या पिंजऱ्यात मी शत्रूचा कुत्रा पाठवणार नाही.

देशातलं विमान घेणार असाल तर डीजीसीएचा (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाचा) नियम छापून जवळ ठेवा: आधी कळवलं असेल तर अपंग प्रवाशाला, त्याच्या साधनांना, सोबत्याला आणि गाइड डॉगला नाकारता येत नाही, केबिनमध्येसुद्धा. पण काउंटरवरच्या मुलांच्या डोक्यात गाइड डॉग म्हणजे अंधांचा. "मॅडम, तुम्हाला तर दिसतंय" हे ऐकायची तयारी ठेवा.

---

मृण्मयी_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. वैशाली, तू लिहिलंस ते मला आईला सांगता येत नव्हतं, तुझा प्रतिसाद तिला जसाच्या तसा पाठवला. (तिचं उत्तर: "कोण आहे ही मुलगी? लग्नाला बोलव.")

अजून एक होतं, ते लिहायचं राहिलं. भिडू सोबत असली की लोक तिच्याशी बोलतात. "काय नाव, काय खाते?" ती नसली की सगळे माझ्या पायांशी बोलतात. गेल्या खेपेला एका काकूंनी माझ्यासमोर आईला विचारलं, "हिला जेवायला वाढू का?"

चिप लसीच्या आधीची आहे, कागद बघितले. बॅटरीवर आकडा मिळाला, बसतो. आयात परवान्याचं मात्र धाब्यावर बसवता येणार नाही. कामांच्या यादीसकट क्वारंटाइन कार्यालयाला ईमेल केलाय. उत्तर 'नाही' आलं तर काकांची चिमटा-काठी. 'हो' आलं तर बाब्यादादा, लंगड्याला कुठल्या कोपऱ्यावर टाळायचं तेवढं कळवा. लग्नाचं कार्यालय बालगंधर्वजवळचं आहे.

---

वसंतकाका_सिअॅटल

मत बदललेलं नाही, पण काकूंचा किस्सा वाचून जरा डळमळलं.

'हो' आलं तर दोन गोष्टी. लग्नाच्या दिवशी तिला मांडवात नेऊ नकोस, घरी ठेव. वरातीतल्या फटाक्यांची तिला कुणी शिकवण दिलेली नाही. आणि पाठीवरच्या जॅकेटवर मराठीत शिवून घे, "कामावर आहे, हात लावू नका." इंग्रजी पाटी तिथे शोभेची होईल. 'नाही' आलं तर काठी लोहचुंबकवाली घे, किल्ल्यांना बरी पडते.

---

कोथरूडचा_बाब्या

कार्यालय बघून आलो. रॅम्प आहे, वैशालीताई म्हणतात तसलाच, वर खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती. मॅनेजरला म्हटलं, त्या दिवशी इथे काही नको. "लिहून द्या" म्हणाला. लिहून दिलं. बाथरूमचं दार २६ इंच, मी स्वतः मोजलं, उंबरठा मात्र दोन बोटं आहे. सुताराकडून लाकडी पाचर करून घेता येईल, कितीची लागेल ते खुर्ची बघून ठरवू.