मॅंगनीज खाणीतलं उत्सर्जन 15 टक्क्यांनी कमी करायचंय, सुरुवात कुठून करावी?

बेंच_तीन:
भंडारा जिल्ह्यातली मॅंगनीजची खाण, अर्धी ओपनकास्ट, अर्धी भूमिगत. वर 35 टनी 8 डंपर. भरलेली फेरी 1.6 किमी, जवळजवळ सगळी चढाची, रॅम्प 1:16. डंपरमागे दिवसाला साधारण 25 फेऱ्या. खाली मुख्य पंखा, तीन लेव्हलवर पंप आणि ड्रिलिंगसाठी कॉम्प्रेसर. सेबीच्या बीआरएसआर (कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात स्कोप 1 (आपण जाळलेलं इंधन वगैरे) आणि स्कोप 2 (विकत घेतलेली वीज) च्या उत्सर्जनाचे आकडे जातातच, आता वरून ‘तीन वर्षांत 15 टक्के कपात’ असं फर्मान आलंय. इलेक्ट्रिक डंपरचं कोटेशन मागवायचं घाटतंय. त्याआधी काय करता येईल? शिवाय पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवू की नको? आणि ब्लास्टिंगचा धूर हिशेबात कसा धरायचा?

ग्रेडर_पाटील:
कोटेशन बाजूला ठेवा, आधी हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, चालत जा. डंपर गेल्यावर टायर किती रुतला ते पट्टीने मोजा. कडक रस्त्याला रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना रस्त्याचा विरोध) डंपरच्या वजनाच्या 2 टक्के धरतात आणि रुतण्याच्या दर सेंटिमीटरला 0.6 टक्के वाढवतात. म्हणजे 5 सेंमी रुतला की झाले 5 टक्के.

तुमच्या आकड्यांवर बघा. भरलेला डंपर 60 टन धरू. 1:16 म्हणजे 6.25 टक्के चढ. चांगल्या रस्त्यावर एकूण विरोध 8.25 टक्के, चिखलाच्या रस्त्यावर 11.25. टाकीतल्या डिझेलपासून चाकापर्यंत 32 टक्के ऊर्जा पोचते असं धरलं तर किलोमीटरला 4.2 लिटरऐवजी 5.7 लिटर जातं. दीड लिटर नुसतं रस्त्यात जिरलं. डंपरमागे दिवसाला 40 किमी भरलेला चढ, म्हणजे 60 लिटर. आठ डंपरचे 480. लिटरला 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, रोजचे जवळपास 1.3 टन. परतीला डंपर रिकामा आणि उतारावर असतो, तिथे फारसा फरक पडत नाही.

रस्ता बिघडतो तो बहुतेक पाण्याने. मधोमध उंचवटा देऊन दोन्ही बाजूंना 2 ते 3 टक्के उतार ठेवा, चढाच्या आतल्या कडेने गटार काढा आणि ते पावसाआधी साफ करा. वरच्या थराला नुसता चिकट मुरूम टाकू नका. उन्हाळ्यात तो छान बसतो आणि जूनमध्ये त्याचं लोणी होतं. 40 मिमीखालची क्रश केलेली खडी आणि थोडा मुरूम असं मिश्रण रोलरने दाबा. धुळीसाठी टँकर फिरतो, तोही एकाच जागी थांबून पाणी ओततो आणि खड्डा तिथेच पडतो. थोडं थोडं पाणी, जास्त वेळा.

सांडलेले दगड लगेच उचला. ओव्हरलोडमुळे ते सांडतात. लोडिंगला 10-10-20 चा नियम लावा: 110 टक्क्यांवरच्या फेऱ्या दहात एकापेक्षा जास्त नकोत आणि 120 च्या वर एकही नको. टायरची हवा सकाळी थंड असतानाच तपासा. फेरीनंतर तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा काढणारे महाभाग असतात. तो टायर थंड झाल्यावर कमी हवेवर पळतो, डिझेल खातो आणि लवकर फाटतो.

लेव्हल_चार:
खालच्या भागाचं मी सांगतो. व्हीएफडी मुख्य पंख्याला लावा, पंपांना नको. पंख्याची वीज वेगाच्या घनानुसार बदलते. वेग 80 टक्के केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. रिकाम्या शिफ्टला हे चालतं, पण व्हेंटिलेशन ऑफिसरने प्रत्येक तोंडाशी (जिथे खोदकाम चालतं तिथे) हवा मोजल्यावरच. ब्लास्टनंतर धूर निघेपर्यंत पूर्ण वेग. आणि त्याआधी गळकी दारं आणि बंद झालेल्या स्टोपांचे (खनिज काढून झालेल्या पोकळ्यांचे) स्टॉपिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या भिंती, दुरुस्त करा, नाहीतर हवा कामाच्या जागी पोचण्याआधीच मागे फिरते.

डिवॉटरिंग पंपाचं, म्हणजे खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं, गणित वेगळं आहे. तिथे बहुतेक जोर पाणी वर चढवण्यात जातो, घर्षणात नाही. वेग कमी केला की पंप डिलिव्हरीच देत नाही, जागच्या जागी पाणी घुसळत बसतो. 1 घनमीटर पाणी 100 मीटर चढवायला 65 टक्के कार्यक्षमतेने साधारण 0.42 युनिट लागतं, आणि ते द्यावंच लागतं. वाचवायचं तर वरच्या लेव्हलचं पाणी तिथेच सम्प (पाणी साठवायचा खड्डा) करून अडवा. ते तळापर्यंत पडू द्यायचं आणि मग पुन्हा वर चढवायचं, हा प्रकार बऱ्याच खाणींत चालतो.

कॉम्प्रेसर: 7 बारला 3 मिमीचं एक छिद्र म्हणजे साधारण साडेतीन-चार किलोवॅट. शिफ्ट बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळा लोड घेतो ते बघा, गळती तिथेच कळेल.

युनिट_हिशेब:
इलेक्ट्रिक डंपरबद्दल एक गणित. 1 लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा, त्यातली 3.2 चाकाला मिळते. तेवढीच चाकाला द्यायची तर चार्जर, बॅटरी आणि मोटर धरून ग्रिडमधून 4 युनिट घ्यावी लागतील. आपल्या ग्रिडचा उत्सर्जन गुणक युनिटला 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे, म्हणजे 2.8 किलो. डिझेलचे 2.68. स्कोप 1 मधला आकडा स्कोप 2 मध्ये सरकला, कमी काही झाला नाही! लोडिंगच्या रांगेतलं आयडलिंग वाचेल, तेवढंच.

खरा फायदा भरलेला डंपर उतारावर येतो तिथे. स्वित्झर्लंडमधल्या एका सिमेंटच्या खाणीत वरून माल खाली आणणारा बॅटरी डंपर ब्रेक लावतानाच बॅटरी भरून घेतो. तुमचा पिट खाली जाणारा आहे, त्यामुळे तुमच्याकडे उलटं आहे. म्हणून आधी सौर किंवा पवन वीज बांधून घ्या. 2022 च्या ग्रीन ओपन ॲक्सेस (ग्रिडवरून थेट हरित वीज विकत घेण्याच्या) नियमांनी किमान मागणीची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली आहे, त्यामुळे मध्यम खाणीलाही वाट खुली आहे. हीच वीज पंखा आणि पंपांनाही लागू पडते, ते तर आजच विजेवर आहेत.

एएनएफओ (ब्लास्टिंगचं स्फोटक): अमोनियम नायट्रेट आणि डिझेलच्या 94:6 मिश्रणातून किलोमागे साधारण 0.17 किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलपुढे किरकोळ, पण नोंद ठेवा. नारिंगी धूर वेगळा. तो नायट्रोजन डायऑक्साइड, बहुतेक वेळा ओल्या होलमुळे किंवा डिझेल कमी पडल्यामुळे. विषारी आहे, पण हरितगृह वायूंच्या यादीत बसत नाही. याउलट केबिनच्या एसीतला आर-134ए (थंड करणारा वायू) विसरला जातो. 1 किलो गळला की 1.3 ते 1.4 टन कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम, म्हणजे 500 लिटर डिझेलएवढा.

बेंच_तीन:
आभार. रस्त्याचं काम केल्यावर बचत दाखवायची कशी? उत्पादन दर महिन्याला बदलतं.

ग्रेडर_पाटील:
एकूण लिटर दाखवू नका. टन-किलोमीटरमागे लिटर काढा आणि सोबत चढलेली उंचीही लिहा, कारण पिट खोल गेला की डिझेल वाढणारच. डिस्पेन्सरचा मीटर आणि डंपरच्या ईसीएममधला (इंजिनच्या संगणकातला) वापर जुळवून घ्या. दोन्हींत मोठा फरक दिसला तर रस्त्याआधी डिझेलच्या टँकरची नळी तपासा.