फोनला लावलेली हार्ड डिस्क काढताना नऊ गाणी गेली. नीट काढायची पद्धत सांगा

पऱ्हाटी

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी कंप्युटर नाही, जे काही करते ते फोनवरच. तीन वर्षांपासून मी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी फोनवर रेकॉर्ड करते आहे. सुरुवात सासूबाईंपासून झाली. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई मांडली की कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी जमतात, पण त्यांना आता चार-पाच गाणीच येतात. खाऊ ओळखायची घाई असते, गाणं पहिल्या दोन ओळींतच उरकतं. बाकीची गाणी सत्तरीच्या पुढच्या बायकांजवळ आहेत. जात्यावरची तर त्यांच्याशिवाय कोणाजवळच नाहीत.

फोन भरत आला म्हणून यवतमाळहून एक टीबीची हार्ड डिस्क आणली. ओटीजीच्या वायरने ती फोनला लागते. यंदा कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून भुलाबाई बसवली, त्या रात्री आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात मिळून ४१ रेकॉर्डिंग झाली होती. ती सगळी डिस्कवर कॉपी केली. फोनवर "कॉपी पूर्ण" आलं. डिस्क उघडून पाहिली, ४१ नावं दिसली. मग फोनमधली ४१ पुसली आणि वायर काढली. मुलीच्या क्लासची वेळ झाली होती, तिला फोन हवा होता. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

आठ दिवसांनी डिस्क पुन्हा लावली तर ३२ गाणी वाजतात. नऊंची नावं आहेत, पण साइज शून्य. दाबलं तर "फाइल प्ले करता येत नाही". पुतण्याच्या फोनला लावून पाहिली तर तिथं वेगळंच आलं, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करण्यासाठी दाबा. तो दाबणारच होता, मी त्याचा हात धरला. तेव्हापासून डिस्क कपाटात आहे, कशालाच लावलेली नाही.

त्या नऊंमध्ये एक गाणं शेजारच्या आजींचं आहे. सासुरवाशिणीचं, बरंच लांब, तिला नदीवर भाऊ भेटतो ते. ते त्यांच्याशिवाय गावात कोणी म्हणत नाही आणि त्या दिवाळीला लेकीकडे वर्ध्याला गेल्या त्या अजून आल्या नाहीत.

माझ्याकडून काय चुकलं ते कळू द्या. ही नऊ परत मिळतील का? आणि पुढे फोनला लावलेली डिस्क किंवा पेन ड्राइव्ह काढायची खरी पद्धत कोणती? कधीकधी डिस्क लावल्यावर टिक-टिक आवाज येऊन आपोआप बंद पडते, तेही यातलंच आहे का? मी शेतात असले की सासूबाई आणि मुलगी मिळून रेकॉर्डिंग करतात आणि डिस्कवर टाकतात, म्हणून सासूबाईंनाही समजेल असं सांगाल तर फार उपकार होतील. त्यांना वाचता येत नाही.

पांदण

ताई, पुतण्याचा हात धरलात हे फार बरं केलंत. त्या "दुरुस्त करा"वर दाबलं की बहुतेक फोन पुढे ड्राइव्ह फॉरमॅट करायलाच विचारतात. डिस्क कपाटातच राहू द्या. तिच्यावर नवीन काही टाकू नका, त्या शून्य साइजच्या फाइली पुसूही नका.

आता आधी एक करा. ज्या अॅपमध्ये गाणी रेकॉर्ड केली तेच अॅप उघडा आणि त्यात "ट्रॅश", "बिन" किंवा "अलीकडे हटवलेले" असं काही आहे का ते बघा. फाइल मॅनेजरमध्येही बघा. बऱ्याच फोनमध्ये पुसलेलं ३० दिवस तिथं पडून असतं. तुम्हाला पुसून किती दिवस झाले ते मोजा आणि आजच बघा. बाकीचं नंतर बोलू.

दिवेलागण

मी पाच वर्षांपासून पेन ड्राइव्ह तशीच ओढून काढतो, कधी काही झालं नाही. तुमची डिस्कच खराब निघाली असेल, दुकानदाराला परत करा.

पांदण

दादा, तुमचं काही गेलं नाही कारण तुम्ही बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरून गाणी ऐकली किंवा पिक्चर पाहिले असतील. नुसतं वाचताना ओढली तर नुकसान क्वचितच होतं. खरा धोका लिहिल्यानंतरच्या अर्ध्या-एक मिनिटात असतो, आणि ताईंनी वायर नेमकी तेव्हाच काढली.

ताई, तुमचं काय झालं ते सांगतो. फोन फाइल कॉपी करतो तेव्हा ती लगेच डिस्कवर जात नाही. आधी फोनच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, जमा होते आणि तिथून सवडीने डिस्कवर उतरते. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे, आणि लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे लिहायचा राहिलेला माल ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये थांबू शकतो. तुमची ४१ गाणी म्हणजे सगळी मिळून पाच-सहाशे एमबी, एवढं तर रॅममध्ये सहज मावतं. म्हणून पट्टी भराभर पुढे गेली आणि "पूर्ण" आलं. बाजार समितीत कापसाची गाडी गेटातून आत गेली म्हणजे काटा झाला असं नसतं, तसंच आहे हे.

मग नावं कशी दिसली? यादी फोन आपल्या रॅममधूनच दाखवत होता. आणि डिस्कवर नाव, साइज आणि फाइलचा मजकूर कुठे ठेवलाय त्याचा हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी लिहिला जातो. नाव आधी लिहिलं जातं तेव्हा साइज शून्यच असते, ती मागाहून भरली जाते. तुमच्या नऊ फाइलींचं नाव लागलं आणि साइज भरायच्या आत वायर निघाली. याचाच अर्थ असा की गाण्याचा मजकूर डिस्कवर उतरलेला असूही शकतो, फक्त त्याचा पत्ता हरवलाय. म्हणूनच म्हणालो, वर काही लिहू नका.

वायर काढायच्या आधी फोनवर "बाहेर काढा" दाबायचं असतं. ते दाबल्यावर फोन राहिलेलं काम पुरं करतो. रॅममधलं उरलंसुरलं डिस्कवर उतरवतो, हिशेब पुरा करतो आणि मग डिस्क सोडतो.

मोट

टिक-टिक आवाजाबद्दल. मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, यासाठी दर महिन्याला कोणी ना कोणी येतं. तुमची डिस्क फिरत्या तबकडीची आहे, तिला सुरू होताना जास्त करंट लागतो. यूएसबी २.० ला ५०० मिलीअँपिअर आणि ३.० ला ९०० मिलीअँपिअर अशी मर्यादा ठरलेली आहे, आणि फोन कित्येकदा त्याहूनही कमी देतो. बॅटरी उतरलेली असली तर आणखीच कमी. तबकडीला फिरायला बळ पुरत नाही, ती दम तोडते, पुन्हा प्रयत्न करते, तोच तो आवाज. मध्येच बंद पडली म्हणजे वायर ओढल्यासारखंच झालं. तुमचं नुकसान त्या दिवशी यानेही झालं असू शकतं.

उपाय म्हणून लोक वेगळ्या चार्जरवर चालणारा यूएसबी हब, म्हणजे फोन आणि डिस्कच्या मध्ये लावायचा जोड, घेतात. शहरात ठीक आहे. आपल्याकडे कॉपी चालू असताना लाइन गेली की हब बंद, डिस्क बंद, पुन्हा तेच. हब घ्यायचाच तर तो पॉवर बँकेवर चालवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे गाण्यांसाठी ६४ किंवा १२८ जीबीची चांगली पेन ड्राइव्ह घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं, फोनच्या करंटवर आरामात चालते. डिस्क दुसरी प्रत ठेवायला वापरा.

आणखी एक. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं, आणि दहा मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. तुमच्या फोनमध्ये तसं असेल तर डिस्क लावून ठेवून स्वयंपाकाला जाऊ नका.

पऱ्हाटी

पांदण दादा, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून लगेच रेकॉर्डरचं अॅप उघडलं. वरच्या तीन टिंबांत "ट्रॅश" होतं. नऊपैकी सहा गाणी तिथं आहेत! पुसून २३ दिवस झाले होते. सहाही परत आणली, एकेक पूर्ण वाजवून पाहिलं. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

उरलेली तीन तिथं नाहीत. ती मी जागा होईना म्हणून ट्रॅशमधूनही आधीच रिकामी केली असणार. आजींचं गाणं त्या तिनांतच आहे.

आणखी एक अडचण आहे. डिस्क तर कपाटात आहे, म्हणून पेन ड्राइव्हवर करून पाहिलं. "बाहेर काढा" कुठे दिसत नाही. वरून पडदा ओढला तर नुसती चार्जिंगची सूचना येते.

पांदण

सहा मिळाली, फार छान झालं.

पेन ड्राइव्ह लावल्यावर पडदा खाली ओढा आणि सूचनांच्या तळापर्यंत जा, तिथं मूक (सायलेंट) सूचनांत "यूएसबी ड्राइव्ह" अशी ओळ असते. ती बोटाने पसरवली की "बाहेर काढा" किंवा "इजेक्ट" दिसतं. तिथं नसेल तर सेटिंग, मग स्टोरेज, तिथं फोनच्या स्टोरेजबरोबर तुमच्या ड्राइव्हचं नाव येतं. त्याच्या बाजूला एक खूण असते, वर टोक असलेला त्रिकोण आणि त्याखाली आडवी रेघ. ती दाबायची. काही फोनच्या फाइल मॅनेजरमध्येही ड्राइव्हच्या नावावर बोट दाबून ठेवलं की हा पर्याय येतो.

दाबायच्या आधी त्या ड्राइव्हवरचं वाजत असलेलं गाणं बंद करा आणि फाइल मॅनेजरही बंद करा. दाबल्यावर ड्राइव्हचं नाव यादीतून जाईपर्यंत किंवा "आता काढू शकता" असं येईपर्यंत वायरला हात लावू नका. डिस्कवर दिवा असेल तर तो लुकलुकायचा थांबू द्या. ड्राइव्ह वापरात आहे म्हणून फोन सोडतच नसेल तर सरळ फोन बंद करा आणि पूर्ण बंद झाल्यावर वायर काढा. बंद होताना फोन उरलेलं सगळं लिहूनच ड्राइव्ह सोडतो. मात्र बटण दाबून ठेवून जबरदस्तीने बंद करायचा नाही.

आणि कॉपी झाल्यावर लगेच पुसायचं नाही. ड्राइव्ह काढा, पुन्हा लावा, दोन-चार गाणी शेवटपर्यंत वाजवा, मग फोनमधली पुसा. पुन्हा लावल्यावर जे दिसतं ते खरोखर ड्राइव्हवरचं असतं.

राहिलेल्या तीन गाण्यांसाठी डिस्क कंप्युटरवाल्याकडे न्यावी लागेल. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाइलीही शोधतं. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची आणि जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, याच डिस्कवर नाही. चेकडिस्क, म्हणजे कंप्युटरमधली डिस्क दुरुस्तीची सोय, चालवायची घाई त्याला करू देऊ नका, ती डिस्कवरच बदल करते. सापडलेल्या फाइलींना तुमची नावं नसतील, नुसते आकडे असतील. ऐकूनच ओळखावं लागेल.

पऱ्हाटी

उशिरा लिहिते आहे, कापूस वेचणीत होते. यवतमाळला जाऊन कंप्युटरच्या दुकानातल्या मुलाला डिस्क दाखवली. तुम्ही सांगितलेलं कागदावर लिहून नेलं होतं, त्या मुलाने तसंच केलं. आकड्यांच्या नावाच्या दोनशेच्या वर फाइली निघाल्या, जुन्या पुसलेल्याही त्यात आल्या. चार रात्री ऐकत बसले. तिनांपैकी दोन गाणी सापडली. आजींचं नाही सापडलं.

मोट दादांच्या सांगण्यावरून नवीन पेन ड्राइव्ह घेतली. सासूबाईंना ती खूण दाखवली तर त्या म्हणाल्या, "हे त छप्पर आन् खाली ओटा होय." तेव्हापासून आमच्या घरी त्या खुणेला छप्पर-ओटाच म्हणतात. काल मी वावरातून यायच्या आत त्यांनी तीन गाणी टाकली, छप्पर-ओटा दाबला, नाव जाईपर्यंत पाहत बसल्या आणि मगच मुलीला वायर काढू दिली. मी पुन्हा लावून ऐकली, तिन्ही पूर्ण आहेत.

आजींना वर्ध्याला फोन केला. गाणं गेलं हे सांगताना मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "कायले रडतं वं, मी म्हनून देतो ना." आणि लेकीच्या फोनवर त्यांनी ते पुन्हा म्हटलं, लेकीने रेकॉर्ड करून पाठवलं. कोजागिरीला म्हटलं तेव्हा भाऊ नदीवर भेटत होता, या वेळी तो विहिरीवर भेटला, आणि मधली दोन कडवी मी कधीच ऐकली नव्हती. दोन ठिकाणी ठेवलं आहे, पेन ड्राइव्हवर आणि डिस्कवर. फोनमधलं अजून पुसलेलं नाही.